शाळेतली दादागिरी आणि कायदा: नागपूरच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात शाळेतल्या दादागिरीविरुद्ध वेगळा कायदा आहे का?

'बुलिंग' या नावाचा नाही. पण महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंधक अधिनियम, १९९९ आहे, आणि तो फक्त कॉलेजपुरता असल्याचा समज चुकीचा आहे. बऱ्याच मुख्याध्यापकांचाही हाच समज असतो. त्यातली 'शैक्षणिक संस्था' ही व्याख्या वाचून दाखवा: कॉलेज किंवा शिक्षण देणारी कोणत्याही नावाची संस्था, शिवाय अनाथालय, वसतिगृह आणि शिकवणी वर्गसुद्धा. म्हणजे महालातली जुनी अनुदानित शाळा, वर्धा रोडवरची 'इंटरनॅशनल' पाटीची शाळा आणि नंदनवनातला ट्यूशन क्लास, तिन्ही यात आले.

रॅगिंगची व्याख्याही बरीच रुंद आहे. ज्या वागण्याने विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होते किंवा होऊ शकते, भीती, शरम किंवा संकोच वाटतो, असं कोणतंही वागणं. चिडवणं, शिवीगाळ, धमकी, थट्टेच्या नावाखाली छळ, मारहाण, आणि एरवी तो मुलगा आपणहून करणार नाही असं काही त्याला करायला लावणं, हे सगळं त्यात येतं. आणि हे आवारात झालं की बाहेर, याने फरक पडत नाही. फाटकाबाहेरच्या पाणीपुरीच्या ठेल्यापाशी झालं म्हणून शाळेला हात झटकता येत नाहीत.

मग या कायद्याचा आम्हाला नेमका उपयोग काय? शाळकरी पोराला तुरुंगात थोडंच टाकणार?

नाहीच टाकणार, आणि टाकूही नये. कलम ४ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे, पण अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली बाल न्याय मंडळाकडे जातं.

तुमच्या कामाची कलमं ६ आणि ७ आहेत. कलम ६ म्हणतं: विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांनी लेखी तक्रार दिली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर त्रास देणाऱ्याला निलंबित करायचं आणि तक्रार हद्दीतल्या पोलीस ठाण्याकडे पाठवायची. तथ्य नसेल तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. कलम ७ म्हणतं: प्रमुखाने यात कुचराई केली तर त्याने गुन्ह्याला साथ दिली असं मानलं जाईल, आणि दोष सिद्ध झाल्यास शिक्षा कलम ४ प्रमाणेच होईल. मुख्याध्यापक अल्पवयीन नसतात. कायद्याचा खरा धाक त्यांच्यावर आहे.

पण हे सगळं लेखी तक्रारीपासून सुरू होतं. वर्गशिक्षकाशी फाटकात झालेलं बोलणं, पालकसभेत उठून सांगितलेलं, व्हॉट्सॲपवर टाकलेला 'सर, जरा बघा ना', यातल्या कशानेही सात दिवस मोजायला सुरुवात होत नाही.

अर्जात काय लिहायचं?

एक पान पुरे. तारीख, वेळ, जागा, वर्ग, कोण, काय केलं, आधी कधी घडलं, कुणाला सांगितलं होतं. विशेषणं कमी, तपशील जास्त. साधारण असा:

'माझा मुलगा इयत्ता सातवी ब मध्ये शिकतो. दि. ८ जुलै रोजी मधल्या सुट्टीत दुसऱ्या मजल्याच्या जिन्यापाशी इयत्ता नववीतील दोन विद्यार्थ्यांनी (नावे सोबतच्या बंद लिफाफ्यात) त्याचा डबा हिसकावून सांडला व दप्तर जिन्यावरून खाली फेकले. दि. १ व ४ जुलै रोजीही असाच प्रकार घडला. दि. ४ रोजी वर्गशिक्षकांना तोंडी कळवले होते. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंधक अधिनियम, १९९९ च्या कलम ६ नुसार सात दिवसांत चौकशी करून केलेली कार्यवाही लेखी कळवावी. वरील तिन्ही दिवसांचे जिना व व्हरांड्याचे सीसीटीव्ही चित्रण जतन करावे. चौकशी होईपर्यंत माझ्या मुलाच्या सुरक्षिततेसाठी काय व्यवस्था केली तेही कळवावे.'

दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घ्या. नावं बंद लिफाफ्यात देण्याचं कारण साधं आहे: अर्ज कार्यालयातल्या चार टेबलांवरून फिरतो आणि संध्याकाळपर्यंत वस्तीत पोचतो.

'सतत त्रास देतात', 'मुलगा डिप्रेशनमध्ये गेला आहे', 'शाळेचं लक्ष नाही' अशा वाक्यांनी भरलेला अर्ज शाळेला फार सोयीचा असतो. त्याला 'असे काही आढळून आले नाही' एवढं एका ओळीचं उत्तर देता येतं. ८ जुलैच्या जिन्याबद्दल असं मोघम उत्तर देणं जड जातं.

शाळा अर्ज घ्यायलाच तयार नाही.

वाद घालत बसू नका. शाळेच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि त्याच दिवशी पोच पावतीसह स्पीड पोस्ट करा. शाळेने घेतलं नाही तर 'घेण्यास नकार' असा शेरा मारून पाकीट परत येईल. ते फोडू नका, तसंच ठेवा. पुढे शिक्षणाधिकाऱ्यांसमोर तेच तुमच्या बाजूने बोलेल.

सीसीटीव्हीचं चित्रण आम्हाला मागता येतं का?

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर राज्य सरकारने २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि सखी सावित्री समिती (विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) या गोष्टी बजावल्या. कॅमेरे त्यामुळे पुष्कळ ठिकाणी आहेत. अडचण साठवणुकीची आहे. डीव्हीआरची (चित्रण साठवणाऱ्या यंत्राची) डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं, आणि हे काही दिवसांत किंवा आठवड्यांत होतं. चौकशी समिती बसेपर्यंत चित्रण गेलेलं असतं, बहुतेकदा कुणी मुद्दाम न पुसताच. म्हणून पहिल्याच अर्जात 'जतन करा' हे वाक्य हवं. प्रत तुमच्या हातात द्यायला शाळा नकार देऊ शकते, कारण त्यात इतरांचीही मुलं दिसतात. त्यावर हट्ट धरू नका. मुख्याध्यापकांसमोर बसून पाहू द्या म्हणा. पोलिसांना ते जप्त करता येतं.

'पोट्टे आहेत, मस्ती करतेतच,' असं सांगून परत पाठवतात.

भांडण आणि दादागिरी यात फरक आहे, आणि तो शाळेला समजावून सांगावा लागतो. बरोबरीच्या दोघांची एकदा जुंपली, दोघांनी दोन-दोन दिले, ते भांडण. एक बाजू वयाने, ताकदीने, संख्येने किंवा पैशाने वरचढ आहे आणि तेच पुन्हा पुन्हा होतंय, तर ती दादागिरी. वाळीत टाकणं हाही त्याचाच प्रकार: वर्गाच्या ग्रुपमधून काढणं, बाकावर शेजारी कुणाला बसू न देणं. यात अंगावर वळ नसतो, म्हणून मोठ्यांना दिसत नाही. मुलींच्या वर्गांत हेच जास्त चालतं आणि हेच सगळ्यात उशिरा कळतं.

सात दिवस उलटले, काही झालं नाही. आता वर कुणाकडे?

शाळा कुणाच्या अखत्यारीतली, त्यावर अवलंबून आहे. नागपुरात निम्मा वेळ चुकीच्या टेबलावर अर्ज दिल्याने जातो.

प्राथमिक वर्गांसाठी जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक), नववीपासून पुढे शिक्षणाधिकारी (माध्यमिक). दोन्ही वेगळी कार्यालयं आहेत. महानगरपालिकेची शाळा असेल तर मनपाचा शिक्षण विभाग. तिथेही हललं नाही तर विभागीय शिक्षण उपसंचालक. आश्रमशाळा आणि आदिवासी वसतिगृहं आदिवासी विकास विभागाकडे, समाजकल्याणची वसतिगृहं त्या विभागाच्या सहायक आयुक्तांकडे. केंद्रीय विद्यालयांसाठी केंद्रीय विद्यालय संगठनचं मुंबई विभागीय कार्यालय.

सीबीएसई शाळा 'आम्हाला जिल्हा परिषद लागू नाही' असं हमखास सांगतात. अभ्यासक्रम आणि परीक्षा बोर्डाच्या, पण राज्याचे कायदे त्यांनाही लागू आहेत. शिवाय सीबीएसईने स्वतःच २०१५ मध्ये परिपत्रक काढून शाळांना दादागिरीविरोधी समिती नेमायला सांगितलं आहे. त्यात उपप्राचार्य, ज्येष्ठ शिक्षक, शाळेचे डॉक्टर, समुपदेशक, पालक प्रतिनिधी, व्यवस्थापनाचा आणि कायद्याचा जाणकार असे सदस्य अपेक्षित आहेत. समितीची नावं आणि शेवटच्या बैठकीची तारीख लेखी मागा. बऱ्याच ठिकाणी समिती फक्त वेबसाइटवर असते.

मुलाच्या हक्कांचा भंग होत असेल तर महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडेही जाता येतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे (जिल्हा परिषद किंवा महानगरपालिका) केलेल्या तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लागला पाहिजे. मुदत तशी लांब आहे, पण अर्जात कलम लिहिलेलं असलं की फाईल थोडी हलते.

माहितीचा अधिकार इथे चालतो का?

चालतो, पण प्रश्न शिक्षणाधिकारी कार्यालयाला विचारा. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. 'शाळेवर काय कारवाई करणार?' असा प्रश्न बाद होतो. 'अमुक शाळेने सखी सावित्री समितीच्या बैठकांचे पाठवलेले अहवाल' आणि 'माझ्या अमुक तारखेच्या तक्रारीवरील टिपणीची प्रत' अशी कागदपत्रं मागा. उत्तराला तीस दिवस.

पोलिसांत कधी जायचं?

हाड मोडलं, दात तुटला, डोळ्याला इजा झाली, पैसे उकळले, शस्त्र दाखवलं, लैंगिक काही घडलं, किंवा मूल जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलू लागलं, तर शाळेच्या सात दिवसांची वाट पाहू नका. ताबडतोब ११२.

भारतीय न्याय संहितेत हाड मोडणं किंवा दात तुटणं ही 'गंभीर दुखापत' आहे. साधी चापट, ढकलाढकली ही साधी दुखापत, आणि ती अदखलपात्र आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. म्हणून ठाण्यात 'एनसी घेतो' (अदखलपात्र म्हणून नोंद करतो) म्हणतात तेव्हा दर वेळी ते टाळाटाळच करत असतात असं नाही. आणखी एक गोष्ट पालकांना धक्का देते: त्रास देणारा अठराच्या आतला असेल आणि गुन्हा अतिगंभीर नसेल, तर नियमांनुसार एफआयआर न करता ठाण्याच्या डायरीत नोंद घेतात आणि मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल बाल न्याय मंडळाकडे पाठवतात. त्या डायरी नोंदीचा क्रमांक मागून घ्या. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायद्याने गुन्हाच ठरत नाही, आणि सात ते बारा वयात त्याची समज किती होती हे पाहिलं जातं.

दखलपात्र गुन्ह्याची ठाणेदार दखल घेत नसतील तर शहरात पोलीस उपायुक्तांना लेखी द्या, आणि काटोल, रामटेक, उमरेडकडे असाल तर नागपूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना. त्यानंतरचा रस्ता दंडाधिकाऱ्यांकडे जातो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

मार लागलाय. आधी दवाखाना की ठाणं?

आधी दवाखाना, आणि त्याच दिवशी. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात नेलंत तर वैद्यकीय-कायदेशीर नोंद तिथेच होते. ओळखीच्या डॉक्टरकडे गेलात तर 'शाळेत मारहाण झाल्याचे सांगतात' एवढं वाक्य कागदावर लिहून घ्या. नाहीतर 'पडल्यामुळे मुका मार' असं लिहिलं जातं, आणि पुढे शाळा तोच कागद तुमच्यासमोर धरते. वळांचे फोटो लगेच काढा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा. मुका मार बरेचदा दुसऱ्या दिवशी काळानिळा उठतो. फोटोत एखादी पट्टी किंवा नाणं शेजारी ठेवलं की आकार कळतो.

व्हॉट्सॲप, इन्स्टाग्रामवर चालू आहे. शाळा म्हणते, हा घरचा विषय.

तसं नाही. कायद्यात आवाराबाहेरचंही येतं, हे वर सांगितलंच. पण पुरावा आधी सांभाळा.

स्क्रीनशॉटमध्ये नाव नको, नंबर दिसला पाहिजे, कारण नाव तुमच्या फोनमध्ये तुम्हीच सेव्ह केलेलं असतं. तारीख आणि वेळ दिसू द्या. इन्स्टाग्रामवर प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. नाव बदललं तरी माग काढायला मदत होते. मूळ चॅट पुसू नका, मुलाने ग्रुप सोडण्याआधी चॅट एक्सपोर्ट करा आणि फोन फॉरमॅट करू नका. रागाच्या भरात वडील फोन आपटतात किंवा सगळं डिलीट करतात. याने सगळ्यात जास्त नुकसान होतं.

एक अपवाद, आणि तो गंभीर: मुलाचे किंवा मुलीचे नग्न अथवा लैंगिक स्वरूपाचे फोटो फिरत असतील, अगदी एडिट केलेले असतील तरी, ते पुरावा म्हणून स्वतःच्या फोनवर घेऊ नका आणि कुणालाही पाठवू नका, शिक्षकांनाही नाही. असं साहित्य गोळा करणं आणि पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब आणि पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) खाली गुन्हा होऊ शकतो. ज्या फोनवर आलं तोच फोन घेऊन सायबर पोलीस ठाण्यात जा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व मुलांच्या विभागात तक्रार करा. १९३० हा नंबर आर्थिक फसवणुकीसाठी आहे, इथे कामाचा नाही.

कुणी अजूनही माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ (आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांबद्दलचं) लावा म्हणत असेल तर ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केलं आहे.

जातीवरून किंवा अपंगत्वावरून चिडवतात. त्याला वेगळं काही?

हो. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलाला जातीवरून लोकांसमोर अपमानित केलं आणि करणारा त्या प्रवर्गातला नसेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. दिव्यांग व्यक्तीचा लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान केल्यास दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ९२ मध्ये सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. करणारं मूल असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडेच जाईल, पण शिक्षक किंवा कर्मचारी असेल तर पूर्ण कायदा लागू होतो. अर्जात नेमके शब्द जसेच्या तसे लिहा. लाजेपोटी 'जातीवाचक शब्द वापरले' एवढंच लिहिलेला अर्ज कमकुवत होतो.

लैंगिक प्रकार आहे, पण शाळा 'आतल्या आत मिटवू' म्हणते.

मिटवता येत नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल दडवलं तर एक वर्षापर्यंत. मुलाचा जबाब घरी घेता येतो आणि घेणारा अधिकारी गणवेशात नसतो. मुलाला ठाण्याच्या बाकावर तासन्‌तास बसवून ठेवलं जात असेल तर हा नियम तिथेच ऐकवा.

शिक्षकच त्रास देत असतील तर?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७५ क्रूर वागणुकीला लागतं. अर्ज संस्थेच्या सचिवांना आणि शिक्षणाधिकाऱ्यांना एकाच दिवशी द्या. फक्त मुख्याध्यापकांना दिला तर तो स्टाफरूममध्येच अडकतो.

शाळेने 'समेट' करायला बोलावलंय. जावं का?

जा, पण दोन अटींवर. एक, मुलाला त्रास देणाऱ्यासमोर बसवायचं नाही. त्याचं म्हणणं समुपदेशकाने वेगळं ऐकावं. चार मोठ्यांच्या आणि त्या पोराच्या देखत 'बोल, याने मारलं का?' असं विचारलं तर मूल 'नाही' म्हणतं, आणि चौकशी संपते. दोन, 'आमची आता कोणतीही तक्रार नाही' असं लिहिलेल्या कागदावर सही करायची नाही. 'अमुक तारखेपर्यंत अमुक उपाय झाल्यास तक्रारीचा फेरविचार करू' असं लिहून द्या.

उपाय म्हणून शाळा हमखास तुमच्याच मुलाची तुकडी बदलते. आमच्या मते हे उलटं आहे. हलवायचं तर त्रास देणाऱ्याला हलवा. मधल्या सुट्टीत जिन्यावर आणि स्वच्छतागृहाबाहेर शिक्षकांची पाळी लावणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी उपाय आहे. तो मागा.

व्हॅनमध्ये होतंय.

महाराष्ट्रात २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते आणि मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. व्हॅनवाले काका शाळेचे नोकर नसले तरी अर्ज तिथेच द्या. तोवर मुलाला पुढच्या सीटमागे बसवायला सांगा. मागची सीट काकांच्या आरशातून दिसत नाही.

त्या पोराला शाळेतून काढून टाका म्हणालो, तर शाळा म्हणते शक्य नाही.

सहा ते चौदा वयाच्या मुलाला आठवीपर्यंत शाळेतून काढता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६. निलंबन, लेखी ताकीद, समुपदेशन, पालकांकडून हमीपत्र हे सगळं करता येतं. इथे शाळा खरं बोलते आहे.

मीच त्या पोराला गाठून दम देऊ का?

नको. दुसऱ्याच्या मुलाला धमकावलंत किंवा हात लावलात तर सज्ञान आरोपी तुम्ही असाल, आणि शाळेला पूर्ण प्रकरण तुमच्यावर वळवायला आयतं निमित्त मिळेल. पालकांच्या ग्रुपवर त्याचं नाव, फोटो टाकणंही धोक्याचं आहे. कारवाईत असलेल्या मुलाची ओळख उघड केल्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

आमच्याच मुलावर आरोप आहे.

मुलाकडून एकट्याने 'कबुलीजबाब' लिहून घेतला जात असेल तर पालक म्हणून समोर बसण्याचा आग्रह धरा. आरोपाची लेखी प्रत मागा आणि म्हणणं लेखी द्या. पोलिसांना मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. ताब्यात घेतलंच तर चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. आणि घरी आधी हे पाहा की त्याला कुणी मारतंय का, ट्यूशनमध्ये, वस्तीत किंवा घरातच.

मूल शाळेत जायलाच तयार नाही.

चार दिवस घरी राहिलं तर आभाळ कोसळत नाही, पण गैरहजेरीचं कारण लेखी कळवा, नाहीतर दहावी-बारावीला पंचाहत्तर टक्के हजेरीचा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता ठेवायला सांगितलं आहे. शाळेकडे त्यांचं नाव मागा. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस १४४१६, मुलाला स्वतःला बोलायचं असेल तर चाइल्डलाइन १०९८, दोन्ही मोफत. मेडिकलच्या मानसोपचार विभागातही दाखवता येतं.

शाळा बदलायचीच ठरवली तर टीसी अडकल्याची काळजी करू नका. आठवीपर्यंत टीसी यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही, आणि टीसी द्यायला उशीर करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरतो. फक्त टीसीच्या अर्जावर कारण 'घरगुती अडचण' लिहू नका. खरं कारण आणि आधीच्या तक्रारीचा आवक क्रमांक लिहा.

अमेरिकेत प्रत्येक राज्यात शाळेतल्या दादागिरीविरुद्ध कायदा आहे म्हणतात. आपल्याकडे का नाही?

तिथे पन्नासही राज्यांत आहे. जॉर्जियात १९९९ मध्ये सुरुवात झाली आणि मॉन्टानात २०१५ मध्ये शेवट. संपूर्ण देशाचा एक असा कायदा तिथेही नाही. आपला रॅगिंगचा कायदाही १९९९ चाच. कॉलेजांना पुढे यूजीसीचे २००९ चे नियम आणि १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन मिळाली, शाळा मात्र मागे राहिल्या. शाळेच्या तक्रारीसाठी त्या हेल्पलाइनला फोन करून वेळ घालवू नका. ती कॉलेज-विद्यापीठांसाठी आहे.